गाडी घरची, टोल टेलिफोनचा

1996 च्या अखेरीस सेगा कंपनीने अमेरिकेत ‘नेटलिंक’ नावाचा मोडेम विकायला काढला. किंमत 199 डॉलर. गंमत अशी की ज्या ‘सॅटर्न’ कन्सोलच्या खाचेत तो बसवायचा, त्या कन्सोलची किंमतही तोवर 199 डॉलरवर आलेली होती. म्हणजे खेळायच्या हौसेला जेवढे पैसे, तेवढेच दुसऱ्याशी खेळायच्या हौसेला. तरी हा खर्च एकदाचा होता, करून मोकळं होता येत होतं. खरा खर्च नंतर सुरू व्हायचा आणि तो दुकानाच्या पावतीवर नाही, महिन्याच्या टेलिफोन बिलात दिसायचा.

नेटलिंक लावून इंटरनेटवर जाता येई, ईमेल पाहता येई. शर्यत मात्र इंटरनेटवर होत नसे. ‘सेगा रॅली’ आणि ‘डेटोना यूएसए’ या दोन गाजलेल्या रेसिंग खेळांच्या खास नेटलिंक आवृत्त्या 1997 आणि 1998 मध्ये आल्या. त्या खेळायच्या तर एका घरातल्या कन्सोलने दुसऱ्या घरातल्या कन्सोलला सरळ फोन लावायचा. मोडेम उचलणार, दोन्ही यंत्रं एकमेकांशी चिरचिरत ओळख करून घेणार, मग शर्यत सुरू. जोवर गाड्या धावताहेत तोवर फोन चालू आणि फोन ज्याने लावला त्याच्या खात्यावर बिल. मित्र त्याच गावात असेल तर चिंता नव्हती, कारण अमेरिकेत बहुतेक घरांना स्थानिक कॉल महिन्याच्या भाड्यातच मिळत. तो दुसऱ्या राज्यात असेल तर प्रत्येक फेरीला मिनिटाचा हिशोब.

हा मिनिटाचा हिशोबच ऑनलाइन रेसिंगच्या पहिल्या दशकाचा खरा नियमकर्ता ठरला. शर्यत किती फेऱ्यांची असावी, रात्री किती वाजता व्हावी, कुणी कुणाशी खेळावं, हे ठरवताना खेळ बनवणाऱ्यांना टेलिफोन कंपन्यांच्या दरपत्रकाकडे बघावं लागत होतं.

तासाच्या दराने खेळायची पद्धत अर्थात त्याच्याही आधीची. 1980 च्या दशकात कॉम्प्युसर्व्ह ही अमेरिकी ऑनलाइन सेवा घड्याळ लावून पैसे घेत असे. तिच्यावरचा ‘आयलंड ऑफ केस्माई’ हा अक्षरांच्या चित्रांवर चालणारा साहसी खेळ खेळायला 300 बॉड वेगाच्या मोडेमवर तासाला सुमारे 6 डॉलर लागत, 1200 बॉडवर दुप्पट. 1985 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने ‘जेनी’ ही सेवा काढली, तिच्यामागचं डोकं व्यापाऱ्याचं होतं: कंपनीचे मोठे संगणक दिवसा धंद्याच्या कामाला जुंपलेले आणि रात्री रिकामे. मग रात्रीचा वेळ हौशी लोकांना स्वस्तात विकायचा. दिवसाचा दर मात्र असा की कुणी खेळायचा विचारही करू नये. याच जेनीवर ‘एअर वॉरियर’ हा विमानांच्या लढाईचा खेळ रंगला. गाड्यांची शर्यत तिथे फारशी रुजली नाही आणि त्याला कारण होतं.

विमानाच्या लढाईत दोन विमानं एकमेकांपासून शेकडो मीटर दूर असतात. गाड्यांच्या शर्यतीत दोन गाड्यांमध्ये हातभराचं अंतर असतं, कधी तेवढंही नसतं. नॅस्कार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या मालिकेतल्या डेटोना किंवा टॅलाडेगा इथल्या शर्यतीत मागची गाडी पुढच्या गाडीच्या हवेच्या आडोशाला राहण्यासाठी तिच्या बंपरला जवळजवळ चिकटून धावते. वेग ताशी 300 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण 83 मीटर. आता मागच्या खेळाडूच्या पडद्यावर पुढच्या गाडीची बातमी फक्त 200 मिलिसेकंद उशिरा पोचली असं धरू. तेवढ्यात ती गाडी 16 ते 17 मीटर पुढे गेलेली असते. नॅस्कारची गाडी सुमारे पाच मीटर लांब. म्हणजे पडद्यावर जी गाडी दिसते आहे, ती खरी तीन गाड्यांइतकी पुढे आहे. ज्याला आपण धडकू नये म्हणून ब्रेक मारतो, तो तिथे नाहीच.

यावर तोड होती ती अंदाजाची. गाडीचा शेवटचा ठाऊक असलेला वेग आणि दिशा धरून ती आत्ता कुठे असेल हे प्रत्येक संगणकाने स्वतःच काढायचं आणि खरी बातमी आली की चूक सुधारून घ्यायची. किनारा दिसत नसताना खलाशी जहाजाची जागा याच रीतीने काढत, आणि 1980 च्या दशकात अमेरिकी सैन्याने रणगाड्यांच्या ‘सिमनेट’ या जोडलेल्या सरावयंत्रणेत हाच उपाय वापरला होता. सरळ रस्त्यावर अंदाज छान जमतो. वळणावर समोरच्याने अचानक ब्रेक मारला किंवा गाडी घसरली की अंदाज फसतो आणि बातमी पोचताच गाडी पडद्यावर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारते. ऑनलाइन रेसर याला ‘वार्प’ म्हणत. वार्प होणाऱ्या खेळाडूशेजारून गाडी काढायला कुणी धजावत नसे. लाइन खराब असली की माणूसच बदनाम व्हायचा.

म्हणून सुरुवातीचे शहाणे लोक केबलवर समाधान मानत. जेफ क्रॅमंड यांनी 1989 मध्ये केलेल्या ‘स्टंट कार रेसर’मध्ये दोन संगणक साध्या सिरियल केबलने जोडून समोरासमोर शर्यत लावता येत होती. खर्च केबलचा आणि दुसऱ्याचा संगणक उचलून आणायच्या श्रमाचा.

टेलिफोनच्या दरपत्रकावर सर्वांत हुशारीने मात केली ती ‘एक्सबँड’ने. कॅटापल्ट एंटरटेनमेंट या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने 1994 मध्ये सेगा जेनेसिससाठी आणि पुढे सुपर निंटेंडोसाठी 2400 बॉडचा मोडेम काढला. 2400 बॉड म्हणजे सेकंदाला जेमतेम तीनशे अक्षरं. एवढ्यात गाडीची जागा, वेग, दिशा वगैरे पाठवायला वावच नाही. कॅटापल्टच्या लोकांनी ते पाठवलंच नाही. त्यांनी फक्त बटणं पाठवली: या खेळाडूने कुठलं बटण दाबलं, त्या खेळाडूने कुठलं. दोन्ही कन्सोल पावलाला पाऊल जुळवून चालत, त्यामुळे दोन्हीकडची बटणं सारखी असली की दोन्ही पडद्यांवरची शर्यत आपोआप सारखी. ‘सुपर मारिओ कार्ट’ हा मुळात एकाच टीव्हीसमोर बसून खेळायचा खेळ अशा रीतीने दोन घरांत खेळला जाऊ लागला, आणि तोही निंटेंडोने त्यात ऑनलाइनची काहीही सोय केलेली नसताना.

पैशाच्या बाबतीत एक्सबँडची युक्ती आणखी पाहण्यासारखी. खेळाडूचं यंत्र आधी कंपनीच्या सर्व्हरला फोन करी. सर्व्हर त्याच्या स्थानिक कॉलच्या टापूतला प्रतिस्पर्धी शोधी, फोन ठेवला जाई आणि मग एक कन्सोल दुसऱ्याच्या घरी थेट फोन लावी. सगळे कॉल स्थानिक, म्हणजे टेलिफोन कंपनीला वेगळे पैसे नाहीत. कंपनीची फी महिन्याला 4.95 डॉलरमध्ये पन्नास जोडण्या किंवा 9.95 डॉलरमध्ये हव्या तितक्या. पन्नासच्या वर प्रत्येक जोडणीला 15 सेंट. पन्नास पुष्कळ वाटतात, पण नुसता निरोप आला आहे का बघायला किंवा गुणतक्ता उतरवून घ्यायला फोन लावला तरी एक जोडणी खर्ची पडे. आपल्या टापूबाहेरच्या कुणाशी खेळायचं असेल तर तासाला 3.95 डॉलर वेगळे. पोराटोरांच्या खाऊच्या पैशांत बसेल असा ऑनलाइन रेसिंगचा हा बहुधा पहिला सौदा. 1997 मध्ये ही सेवा बंद पडली.

पण ज्यांना शर्यत म्हणजे शर्यतच हवी होती, मारिओची कार्ट नव्हे, त्यांची पंढरी मॅसेच्युसेट्समध्ये होती. डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांनी 1987 मध्ये तिथे पॅपिरस डिझाइन ग्रुप स्थापन केला. 1989 चा त्यांचा ‘इंडियानापोलिस 500’ आणि 1994 चा ‘नॅस्कार रेसिंग’ यांनी टायर, सस्पेन्शन, इंधनाचं वजन हे सगळं गणितात बांधलं. संगणकाच्या गाड्यांशी खेळून कंटाळलेल्या लोकांना एकमेकांशी भिडायचं होतं. पॅपिरसने 1990 च्या दशकाच्या मध्यात त्यांच्यासाठी एक प्रायोगिक सर्व्हर चालवला. त्याचं नाव ‘हवाई’. या हवाईला जायचा रस्ता एकच: मॅसेच्युसेट्सचा नंबर फिरवायचा.

अमेरिकाभरातून लोक तो फिरवत होते. 1995 मध्ये स्प्रिंट कंपनीने संध्याकाळी सातनंतर आणि शनिवार-रविवारी मिनिटाला 10 सेंट असा दर जाहीर केला तेव्हा त्याची मोठी जाहिरात झाली, कारण लांबच्या कॉलला तो स्वस्त मानला जाई. त्या स्वस्त दरानेही तासाला 6 डॉलर होतात. रोज दोन तास, महिन्यातले पंचवीस दिवस धरले तर बिल 300 डॉलर. खेळाची नवी सीडी तेव्हा 40 ते 50 डॉलरना मिळे. म्हणजे चार-पाच रात्रींच्या शर्यतींत खेळाची किंमत पुन्हा एकदा मोजून व्हायची. भारतात ज्यांनी रात्री अकराला पावपट दर लागेपर्यंत एसटीडी बूथबाहेर ताटकळून काढलं आहे, त्यांना हे गणित समजावून सांगायला नको. फरक इतकाच की हवाईवाले ताटकळून शेवटी कुणाशी बोलत नसत, डावीकडे वळत. टॅलाडेगावर वळणं सगळी डावीकडचीच असतात.

या लोकांना वेडं म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण त्यांच्या पैशाला मोबदला मिळत होता. थेट टेलिफोन लाइन म्हणजे खेळाडूचा मोडेम आणि सर्व्हरचा मोडेम यांच्यामध्ये राखून ठेवलेली वाट. इंटरनेटवर माहितीचं पाकीट दहा-पंधरा राउटरांच्या हातून जातं, प्रत्येक ठिकाणी रांगेत थांबतं, कधी हरवतं. थेट लाइनवर उशीर होतो तो मोडेमचा आणि थोडा अंतराचा, आणि मुख्य म्हणजे तो प्रत्येक वेळी सारखाच होतो. रेसरला उशिरापेक्षा उशिरातला चढउतार जास्त छळतो. ठरावीक उशिराची सवय हाताला लावून घेता येते, पण एका पाकिटाला 150 मिलिसेकंद आणि पुढच्याला 500 लागले तर हाताने करायचं काय? मिनिटाचे 10 सेंट हवाईवाले मोजत ते या सारखेपणासाठी.

मोडेमही निर्दोष नव्हते. सेकंदाला 28,800 बिट वाहणाऱ्या मोडेमचं मानक 1994 मध्ये आलं, पुढे 33,600 आणि 1998 मध्ये 56,000 चं. खोक्यावरचे आकडे वाढत गेले, पण मोडेम आपल्या पोटात माहिती साठवून, दाबून, तपासून पाठवी आणि त्यात एका फेरीला शंभराच्या वर मिलिसेकंद जात. ‘बोलो’ हा रणगाड्यांचा नेटवर्क खेळ लिहिणारे स्टुअर्ट चेशायर 1996 मध्ये हेच कानीकपाळी ओरडत होते: वेगाचे आकडे विकत घेऊन उशीर कमी होत नाही. दुकानात मोडेम घेणाऱ्याला मात्र खोक्यावर उशिराचा आकडा कुठेच छापलेला सापडत नसे.

1 डिसेंबर 1996 रोजी अमेरिका ऑनलाइनने तासाचा हिशोब सोडून महिन्याला 19.95 डॉलरचा सरसकट दर लावला. आधी 9.95 डॉलरमध्ये पाच तास आणि पुढच्या प्रत्येक तासाला 2.95 डॉलर असा हिशोब होता. लोक एकदा जोडले की उठेनात. लाइनी इतक्या भरल्या की फोन लावणाऱ्याला नुसता एंगेज टोन ऐकू येई. घड्याळ एका बाजूला बंद झालं आणि दुसऱ्या बाजूला चालू राहिलं: 1997 मध्ये याच कंपनीने निवडक खेळांसाठी तासाला 1.99 डॉलर वेगळे लावले.

पॅपिरसची हवाईही इंटरनेटवर आली. ‘टोटल एंटरटेनमेंट नेटवर्क’ या सप्टेंबर 1996 मध्ये सुरू झालेल्या खेळसेवेवर ‘नॅस्कार रेसिंग ऑनलाइन सिरीज’ या नावाने. आता स्थानिक नंबर फिरवून देशाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशी खेळता येत होतं. पुढे नॅस्कारचा लाडका ड्रायव्हर झालेला डेल अर्नहार्ट ज्युनिअर हाही पॅपिरसचे खेळ ऑनलाइन खेळणाऱ्यांतलाच. बिल उतरलं, वार्प वाढला. 1999 मध्ये त्या नेटवर्कने ‘पोगो’ हे नाव घेतलं आणि पत्ते-कोडी अशा हलक्या खेळांकडे मोर्चा वळवला. तिथे उशिराने कुणाचं बिघडत नाही.

मधल्या काळात सेवांना वळसा घालणारेही निघाले. एकाच खोलीतल्या नेटवर्कसाठी लिहिलेले खेळ इंटरनेटवर चालवणारा ‘काली’ नावाचा प्रोग्राम 20 डॉलरमध्ये एकदाच विकत घेता येई. पॅपिरसच्या 1998 च्या ‘ग्रँड प्रिक्स लेजंड्स’च्या चाहत्यांनी ‘व्हीआरओसी’ ही फुकट जुळवणी सेवा उभी केली. शर्यत कुणाच्या तरी घरच्या संगणकावर भरवायची आणि बाकीच्यांनी तिथे जोडून घ्यायचं. पण घरचा मोडेम किती गाड्या पेलणार? समजा एका गाडीची बातमी 20 बाइटची आणि ती सेकंदाला दहा वेळा पाठवायची, म्हणजे 1,600 बिट. यजमान सोडून सात खेळाडू, प्रत्येकाला इतर सात गाड्यांची बातमी द्यायची. एकोणपन्नास गुणिले 1,600 म्हणजे सेकंदाला 78,400 बिट. 56 केच्या मोडेमवरूनही बाहेर जाणारी वाट 33,600 बिटचीच असे. मग बातम्या कमी वेळा पाठवायच्या किंवा गाड्या कमी करायच्या. मोठी शर्यत भरवायची तर कुणाकडे तरी आयएसडीएन ही जास्त वेगाची डिजिटल टेलिफोन लाइन, विद्यापीठाचं कनेक्शन किंवा ऑफिसची लाइन आणि झोपलेला बॉस लागत असे.

अमेरिकेबाहेर चित्र आणखी कडक होतं, कारण तिथे स्थानिक कॉलही मोजूनच असायचा. ब्रिटनमध्ये 1998 मध्ये ‘फ्रीसर्व्ह’ने इंटरनेटची वर्गणी शून्यावर आणली, पण कॉलचं मीटर चालूच राहिलं आणि त्याच कॉलच्या पैशातला वाटा घेऊन फ्रीसर्व्ह जगत होती. जपानमध्ये दर तीन मिनिटांना 10 येन. तिथल्या एनटीटी कंपनीने 1995 मध्ये ‘तेरेहोदाई’ योजना आणली: ठरवून दिलेल्या दोन नंबरांवर रात्री 11 ते सकाळी 8 हवं तितकं बोला, पैसे सरसकट. परिणाम ठरलेला होता. अकराचे ठोके पडले की अख्खा देश एकदम इंटरनेटवर. 1999 च्या जानेवारीत सेगाच्या ड्रीमकास्ट या नव्या कन्सोलवर ‘सेगा रॅली 2’ ऑनलाइन शर्यतीसह आली, तेव्हा शाळकरी मुलाने परवडणारी शर्यत खेळायची तर ती अकरानंतरच.

भारतात विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट खुलं केलं ते वैयक्तिक ग्राहकाला 250 तासांसाठी 5,000 रुपये या दराने, 9.6 केबीपीएस वेगाने. तासाला 20 रुपये, वर टेलिफोनचे पल्स वेगळे. त्यात परदेशी सर्व्हरपर्यंतची वाट उपग्रहातून गेली, तर 36,000 किलोमीटर वर आणि तेवढंच खाली करण्यात जाऊन-येऊन अर्धा सेकंद जाई. अर्ध्या सेकंदात आपली ती नॅस्कारची गाडी चाळीस मीटर पुढे. तेव्हा मुंबई-पुण्याच्या पोरांनी ‘नीड फॉर स्पीड’ची शर्यत सायबर कॅफेतल्या एकाच खोलीत, शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राशी लावली, यात मागासलेपण काही नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या ती हवाईवाल्यांपेक्षा सरस शर्यत होती आणि कित्येक पटींनी स्वस्त.

सेगाने शेवटचा डाव टाकला तो 7 सप्टेंबर 2000 रोजी. ‘सेगानेट’ या ऑनलाइन सेवेची वर्गणी महिन्याला 21.95 डॉलर. दोन वर्षांचा करार केला तर ड्रीमकास्टसाठी 200 डॉलर परत. जाहिरातीत कन्सोल फुकट, प्रत्यक्षात चोवीस महिन्यांचे 526 डॉलर 80 सेंट. मोबाइलच्या करारांत पुढे जगाला पाठ झालेलं हे गणित तेव्हा नवं होतं. 31 जानेवारी 2001 रोजी सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ऑनलाइन शर्यतीची ‘डेटोना यूएसए’ अमेरिकेत पोचली ती त्यानंतर, मार्चमध्ये. त्याच सुमारास ब्रिटिश टेलिकॉमचं ब्रॉडबँड महिन्याला 39.99 पौंड आणि बसवायचे 150 पौंड अशा भावाने मिळू लागलं होतं. महाग, पण मिनिटं न मोजणारं.

मिनिटं गेली तशी वर्गणी आली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘मोटर सिटी ऑनलाइन’ ऑक्टोबर 2001 मध्ये निघाला. खोकं विकत घ्या आणि वर महिन्याला 10 डॉलरच्या आसपास भरा. जुन्या अमेरिकन गाड्या सजवायच्या आणि पळवायच्या, कल्पना चांगली होती. ऑगस्ट 2003 मध्ये सर्व्हर बंद झाले आणि लोकांच्या कपाटातल्या सीड्या निकामी झाल्या. टेलिफोनच्या जमान्यात हे घडलं नसतं. नेटलिंकच्या दोन सॅटर्न यंत्रांना कुणाच्याच सर्व्हरची परवानगी लागत नव्हती, फक्त टेलिफोनची लाइन लागत होती.

पॅपिरस 2004 मध्ये बंद झाली. त्याच वर्षी डेव्हिड केमर यांनी बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे मालक आणि पॅपिरसच्या खेळांचे चाहते जॉन हेन्री यांच्यासोबत नवी कंपनी काढली. तिचं ‘आयरेसिंग’ 2008 मध्ये सुरू झालं. तिथे वर्गणी भरावी लागते, शिवाय गाडी सुमारे 12 डॉलर आणि ट्रॅक सुमारे 15 डॉलर असे सुटे विकत घ्यावे लागतात. शर्यतीच्या अंतराचे आणि मिनिटांचे पैसे आता कुणी मागत नाही. अंतर मात्र आहे तिथेच आहे. मुंबई ते न्यू यॉर्क साधारण 12,500 किलोमीटर, काचेच्या तंतूतून प्रकाशाला तिथे जाऊन परत यायला कमीत कमी 125 मिलिसेकंद लागतात, आणि ताशी 300 किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्या वेळात दहा मीटर पुढे गेलेली असते.